प्राथमिक शाळेचं वाचनालय: ३५ मिनिटांत देवघेव करायची की वाचायचं?

शेवटचा_बाक

मंडळी, यंदा प्राथमिक विभागाच्या वाचनालयाचं काम माझ्या गळ्यात आलंय. मुळात मी वर्गशिक्षिका. ग्रंथपालनाचं शिक्षण नाही, पुस्तकांची आवड आहे एवढ्या भांडवलावर नेमणूक झाली. खोली छान आहे, उजेड भरपूर, पुस्तकंही बरी आहेत. घोडं अडतंय ते तासावर.

तास ३५ मिनिटांचा. दुसरीचा वर्ग दारात येतो तेव्हा काहींच्या हातात पुस्तक असतं, काहींचं घरी राहिलेलं असतं, आणि एखादा "बाई, मी मागेच दिलं होतं" म्हणून रडवेला झालेला असतो. मी वहीत जुन्या नोंदी खोडत बसते. तोवर बाकीचा वर्ग कपाटावर तुटून पडतो. पुस्तक ओढायचं, मुखपृष्ठ बघायचं, सापडेल त्या फटीत कोंबायचं. मग नव्या नोंदींची रांग. घंटा होते तेव्हा खोलीतल्या एकाही मुलाने सलग दोन पानं वाचलेली नसतात.

तुमच्यापैकी कुणी हे काम केलंय का? तास बसवायचा कसा? शिवाय फाटकी पुस्तकं, हरवलेली पुस्तकं, आणि "आमच्या मुलीला वरच्या पातळीची पुस्तकं द्या" म्हणणारे पालक, हे सगळं आहेच. सुचेल ते लिहा.

चष्मिष्ट

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या शाळेचं वाचनालय म्हणजे कुलूपबंद कपाट होतं, त्यामुळे सल्ला देण्याची पात्रता नाही. वाचायला मात्र आवडेल.

देवघेव_खिडकी

शेवटचा_बाक, मी बरीच वर्षं हेच काम केलं. पहिली गोष्ट, पुस्तकं परत घेणं तासातून काढून टाका. वर्गाच्या दारापाशी एक खोकं ठेवा. वाचनालयाच्या दिवशी सकाळी आल्या आल्या मुलांनी पुस्तक खोक्यात टाकायचं, दोन मदतनीस मुलांनी ते खोकं तुमच्याकडे आणून ठेवायचं. तास सुरू होण्याआधी नोंदी उरकतात. कुणाचं पुस्तक आलं नाही हेही आधीच कळतं, रडारड दारात होत नाही.

दुसरी गोष्ट, आल्या आल्या कपाट उघडं सोडू नका. आधी गोष्ट. सगळे खाली बसले की एक चित्रपुस्तक मोठ्याने वाचा. चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात. छापखान्यात मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा फर्मा होतो, त्याचे दोन फर्मे. थांबत, चित्रं दाखवत वाचलं तरी दहा-बारा मिनिटांत संपतं. वाचताना पुस्तक स्वतःच्या छातीशी धरू नका. बाजूला, कानाच्या उंचीवर, मुलांकडे तोंड करून धरायचं आणि तिरक्या नजरेने वाचायचं. हात भरून येतो, पण मागच्या रांगेतल्या मुलांना चित्र दिसलं नाही की ती पुढच्याच्या पाठीत बोटं खुपसायला लागतात.

मग निवड. प्रत्येक मुलाच्या हातात एक पुठ्ठ्याची पट्टी द्या, साधारण एक फूट लांब, तिच्यावर त्याचं नाव आणि त्याने स्वतः काढलेलं चित्र. कप्प्यातून पुस्तक ओढलं की त्या जागी पट्टी सरकवायची. आवडलं नाही तर पुस्तक पट्टीच्या जागी परत. कोंबाकोंबी निम्म्याने कमी होते, आणि "माझी पट्टी" या प्रकाराचं मुलांना भयंकर अप्रूप असतं.

ज्याची निवड झाली त्याने नोंद करून सतरंजीवर बसायचं आणि वाचायला लागायचं. रांग एकदम लागत नाही, कारण सगळ्यांची निवड एका वेळी होत नाही. शेवटची दहा मिनिटं खोलीत फक्त पानांचा आवाज असतो असं म्हणणार नाही. चित्रं बघत खिदळणं चालू असतं. ते चालू द्या.

शेवटचा_बाक

खोक्याची कल्पना उद्याच अमलात आणते! पट्टीसाठी जुन्या वह्यांचे पुठ्ठे चालतील ना?

देवघेव_खिडकी

पातळ पडतात, वाकतात. दोन एकमेकांना चिकटवा.

मायेचा_कोपरा

मी पालक आहे आणि ते "वरच्या पातळीची द्या" म्हणणाऱ्यांपैकीच आहे, तेव्हा आधीच हात वर करते. :) माझा मुलगा तिसरीत आहे आणि दर आठवड्याला तेच डायनासोरचं पुस्तक आणतो. तेच! मला पानं पाठ झालीत. वाचनालय मोफत आहे, एवढी पुस्तकं आहेत, तर शिक्षकांनी थोडं पुढे ढकलायला नको का? काही शाळांत पुस्तकांच्या कण्यावर रंगीत टिकल्या लावतात, मुलाने आपल्या रंगाचीच घ्यायची. मला ती पद्धत बरी वाटते.

दीर्घवेलांटी

मायेचा_कोपरा, राग मानू नका, पण तेच पुस्तक पुन्हा आणणारं मूल हे वाचनालयाचं यश आहे. पहिल्या वाचनात चित्रं, दुसऱ्यात गोष्ट, तिसऱ्यात नावं, चौथ्यात तळटीप. डायनासोरवेड्या मुलांना जी लांबलचक नावं येतात ती कुणी पाठ करून घेतलेली नसतात. त्या वाचनात अक्षरांची जोडाजोड मागे पडते आणि ओघ येतो. तुम्हाला ते साचलेपण वाटतं, त्याची खरं तर तालीम चालू असते.

टिकल्यांबद्दल माझं मत कडक आहे. वर्गात शिकवताना शिक्षकाला पातळी माहीत असावी, जरूर असावी. पण ती कण्यावर चिकटवली की सगळ्या वर्गाला दिसते. चौथीतल्या मुलाच्या हातात पिवळ्या टिकलीचं पुस्तक आहे आणि पिवळं म्हणजे पहिलीचं, हे शेजारच्याला कळायला किती वेळ लागतो? मग ते मूल जाडजूड पुस्तक काखेत मारून फिरतं आणि उघडत नाही.

मायेचा_कोपरा

राग नाही. पण मग अवघड-सोपं त्याला कळणार कसं?

देवघेव_खिडकी

पाच बोटांचा नियम सांगा. मधलं कुठलंही पान उघडायचं, वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. एखादं बोट म्हणजे सोपं, दोन-तीन म्हणजे बेताचं, चार म्हणजे कुणाच्या तरी सोबतीने वाचावं, पाचही दुमडली तर सध्या अवघड. चित्रपुस्तकात पानावर दोनच ओळी असतात, तिथे हा नियम लंगडा पडतो. आणि पाचही बोटं दुमडली तरी मुलाला ते पुस्तक हवंच असेल तर न्यावं. विषयाची आवड असली की मुलं कुवतीच्या पलीकडचं वाचून दाखवतात. शिवाय घरी वाचून दाखवायला मोठं माणूस असेलच की.

उंटावरचा_शहाणा

एवढा खल कशाला? आमच्याकडे सोपा उपाय आहे. पुस्तक वाचलं की तक्त्यावर तारा, दहा तारे झाले की बक्षीस. मुलं धडाधड वाचतात. आकडे बोलतात, साहेब.

दीर्घवेलांटी

धडाधड वाचतात की धडाधड परत करतात? १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता, तो या चर्चेत आठवण्यासारखा आहे. चित्र काढायला मुळातच आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. पुढे वर्गात मोकळ्या वेळेत रंगीत पेन ठेवले. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती.

उंटावरचा_शहाणा

त्या मुलांना चित्रं आधीच आवडत होती ना? ज्याला पुस्तकाचं नाव काढलं की पोटात दुखतं, त्याच्यासाठी काय? त्याला हात लावायला तरी तारा हवा. माझ्या वर्गात असे बरेच आहेत आणि ताऱ्यामुळे ते कपाटापर्यंत येतात.

दीर्घवेलांटी

मुद्दा रास्त आहे. मुळात आवडच नसेल तिथे हा प्रयोग लागू करता येणार नाही. तरी तारा पुस्तकांच्या संख्येला नको एवढंच म्हणेन. संख्येला तारा दिला की मुलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधतात, आणि त्यात ती पटाईत असतात.

ग्रंथकीटक

यावर आम्ही एक मधला मार्ग काढला. तक्ता ठेवला, पण मुलांचा नाही, पुस्तकांचा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरी चिठ्ठी चिकटवली. ज्याने वाचलं त्याने एक ओळ लिहायची किंवा चित्र काढायचं. बंधन नाही. एका चिठ्ठीवर पहिली नोंद "कंटाळा आला", तिच्याखाली वेगळ्या अक्षरात "मला नाही आला", आणि खाली तिसऱ्याने "पान १४ वर उंदीर लपला आहे". त्या उंदरापायी ते पुस्तक कित्येक आठवडे कपाटात परत आलं नाही. बाईंच्या शिफारशीपेक्षा वर्गातल्या पोरांची शिफारस जास्त चालते, हे कुठल्याही बाईंना विचारा.

चष्मिष्ट

उंदीर होता का खरंच? की त्या पोराने थाप मारली?

ग्रंथकीटक

होता. पायऱ्यांखाली, शेपटी तेवढी बाहेर.

शेवटचा_बाक

ही चिठ्ठी मी नक्की करणार. आता मांडणीबद्दल सांगा. आधीच्या बाईंनी दशांश पद्धतीने आकडे घातलेत. चौथीच्या मुलांना जमतं, पहिलीला अर्थातच नाही. मोडावं का सगळं?

ग्रंथकीटक

माझा आवडता विषय! मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ही पद्धत काढली. ज्ञानाचे दहा मोठे वर्ग, प्रत्येकाचे दहा, पुन्हा दहा. मोठ्यांच्या वाचनालयाला ठीक आहे. प्राथमिक शाळेत मात्र गमती होतात. लांडगा सस्तन प्राण्यांत, ५९९ मध्ये. कुत्रा पाळीव, म्हणून थेट ६३६ मध्ये, शेती आणि पशुपालनाच्या शेजारी. एकाच कुळातले दोन भाऊ, मध्ये सबंध वैद्यकशास्त्र! परीकथा आणि लोककथा तर ३९८.२ म्हणजे समाजशास्त्रांच्या वर्गात. सहा वर्षांच्या मुलाने हे शोधावं ही अपेक्षाच चूक.

मोडू नका, दोन भाग करा. पहिली-दुसरीसाठी उथळ खोकी, पुस्तकं पुढे तोंड करून, म्हणजे मुखपृष्ठ दिसेल अशी. रेकॉर्डच्या दुकानात लोक चाळतात तसं मुलांना पुढून मागे चाळता यायला हवं. खोक्यावर चित्र: प्राणी, वाहनं, आकाश, हसायच्या गोष्टी, भीतीच्या गोष्टी. भीतीचं खोकं सगळ्यात आधी रिकामं होतं, तेव्हा त्यात भर घालायची तयारी ठेवा. तिसरी-चौथीसाठी आकडे राहू द्या. दशांश अपूर्णांकांशी मुलांची दोस्ती गणिताच्या पुस्तकाआधी इथे होते. ५९९ आणि ५९९.५ मध्ये काय येईल, हा खेळ त्यांना आवडतो. आणि त्या आकड्यांचं काही अडलं तर ५६७.९ दाखवा. डायनासोर. एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

शांत_बसा

सगळं छान आहे, पण वाचनालयात शांतता हवी यावर कुणीच बोललेलं नाही. लहानपणापासून शिस्त नाही लावली तर मोठेपणी ग्रंथालयात बसून फोनवर बोलणारे तयार होतात.

देवघेव_खिडकी

नाव सार्थ आहे तुमचं. :) पहिलीची मुलं मनात वाचतच नाहीत हो. ओठ हलवत, पुटपुटत वाचतात, आणि त्या वयात तसंच वाचायचं असतं. "शू" केलं की वाचणं थांबतं. एक कोपरा शांत ठेवा, पडदा किंवा आडवं कपाट लावून. ज्याला गोंगाट सोसत नाही अशी मुलं असतात आणि त्यांना तो कोपरा फार लागतो. बाकी खोलीत कुजबुज चालेल, पळापळ नाही.

पुठ्ठाबांधणी

उशिरा आलो. फाटक्या पुस्तकांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

चिकटपट्टी वापरू नका. एवढी एक गोष्ट ऐका. ती काही वर्षांत पिवळी पडते, गोंद पानात उतरतो, पट्टी सुटून येते आणि डाग कायमचा राहतो. पान फाटलं असेल तर फाटलेल्या कडा नीट बघा. एका बाजूला कागदाचे पांढरे तंतू दिसतात, ती बाजू खाली घेऊन दुसरी तिच्यावर बसवायची. मध्ये अगदी थोडी खळ, वरून पातळ झिरझिरीत कागदाची पट्टी. वर-खाली मेणकागद ठेवून वजनाखाली रात्रभर.

पुस्तक पुठ्ठ्यातून सुटायला लागलं असेल, म्हणजे उघडल्यावर कणा आणि पानांचा गठ्ठा यांत पोकळी दिसत असेल, तर विणकामाची सुई घ्या. पांढऱ्या गोंदात बुडवून ती त्या पोकळीत वरून आत घालायची आणि गोल फिरवत बाहेर काढायची. तसंच खालून. जास्तीचा गोंद पुसा, पुठ्ठा आणि पानांमध्ये मेणकागद घाला, पुस्तक मिटवा, वर वजन. दुसऱ्या दिवशी पुस्तक नव्यासारखं उघडतं. पाच मिनिटांचं काम आहे. ते वेळेवर न केल्याने चांगली पुस्तकं रद्दीत जातात.

मुलांसाठी एक "दवाखाना" खोकं ठेवा. पान फाटलं तर पुस्तक त्यात टाकायचं, कुणीही रागावणार नाही. रागावणार म्हटलं की मुलं घरी चिकटपट्टी लावतात आणि काम दुप्पट होतं.

शेवटचा_बाक

विणकामाची सुई! हे भारी आहे. आणि पाण्याची बाटली दप्तरात सांडून भिजलेली?

पुठ्ठाबांधणी

उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. थोडंच भिजलं असेल तर दर दहा-पंधरा पानांनी टीपकागद घाला, तो ओला झाला की बदला. मग पंख्यासारखं उघडून उभं ठेवा, हवा लागेल असं. चकचकीत कागदाचं पुस्तक असेल तर घाई करा. ती पानं वाळताना एकमेकांना चिकटली की सुटतच नाहीत. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. हसू नका, पुरात भिजलेले ग्रंथसंग्रहही असेच गोठवून वाचवतात. दमट हवेत ४८ तासांत बुरशी धरू शकते, गोठवलं की ती थांबते.

गोगलगाय

हरवलेल्या पुस्तकांबद्दल थोडं मनातलं लिहू का? मी ज्या शाळेत शिकले तिथे पुस्तक न आणलेल्या मुलांची नावं प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचली जायची. घर बदलताना माझं एक पुस्तक गेलं. त्यानंतर मी वाचनालयाच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसायचे. दंड भरला गेला, पण मी पुढे त्या शाळेत एकही पुस्तक घेतलं नाही. शेवटचा_बाक, हे मात्र करू नका.

देवघेव_खिडकी

अगदी अगदी. यादी वर्गशिक्षकांकडे द्यावी आणि त्यांनी मुलाशी एकट्याने बोलावं, फळ्यावर काही नको. आणि पुस्तक हरवलं म्हणून दुसरं देणं बंद, हा नियम तर पहिल्यांदा मोडीत काढा. ज्या घरात पुस्तक ठेवायला जागा नाही, मोठं माणूस उशिरा येतं, धाकटं भावंड पानं चघळतं, त्याच घरातल्या मुलाला या नियमाचा फटका बसतो. आणि त्याला घरी दुसरं पुस्तकही नसतं. तात्पुरता तोडगा म्हणून अशा मुलाने पुस्तक शाळेतच ठेवावं, मधल्या सुट्टीत वाचावं. पण हातात पुस्तक असावं.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र आहे, ग्रंथ उपयोगासाठी असतात. ते आधी गणिताचे प्राध्यापक होते, मग ग्रंथपाल झाले. हिशोबाचा माणूस असून पहिलं सूत्र नोंदवहीचं नाही केलं त्यांनी, हे मला फार आवडतं.

शांत_बसा

उपयोगासाठी ठीक, पण वर्षअखेरीला मोजणीत पुस्तकं कमी भरली तर जबाबदार कोण? बाईंच्या पगारातून कापणार का? ही भीती आहे म्हणून कपाटांना कुलपं लागतात. ती खरी आहे, उगाच उडवून लावू नका.

देवघेव_खिडकी

शंभर टक्के खरी आहे, आणि त्यावर मुलं काही करू शकत नाहीत. मुख्याध्यापकांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलायचं. वापरातल्या संग्रहात दर वर्षी थोडी गळ होणारच, ती किती धरायची हे आधी लेखी ठरवून घ्या. नंतर मागितलं तर ती सबब वाटते, आधी मागितलं तर ते नियोजन असतं. झिजलेली पुस्तकं रीतसर निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून अधिकृतपणे कमी करा, नाहीतर ती कागदावर जिवंत राहतात आणि मोजणीत छळतात.

ग्रंथकीटक

निर्लेखनाचा विषय निघालाच आहे तर, फक्त फाटकी नको, शिळीही काढा. सूर्यमालेत नऊ ग्रह सांगणारं पुस्तक तुमच्या कपाटात नक्की असेल. प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवलं गेलं. डायनासोरच्या जुन्या पुस्तकांत सगळे खवल्यांचे. पिसांच्या खुणा असलेला सायनोसॉरोप्टेरिक्सचा जीवाश्म जगापुढे आला तो १९९६ मध्ये. मायेचा_कोपरा, तुमच्या मुलाच्या लाडक्या पुस्तकात पिसं आहेत का बघा.

मायेचा_कोपरा

आत्ताच त्याला विचारलं. म्हणाला, "पान २२ वर आहेत, पण चुकीच्या रंगाची." रंग बरोबर-चूक कसा कळतो याचं भाषण त्यापुढे ऐकावं लागलं. आता तेच पुस्तक पुन्हा आणलं तरी मी काही बोलणार नाही.

उंटावरचा_शहाणा

एक व्यवहारातला प्रश्न. तास संपल्यावर पुस्तकं जागेवर कोण लावतं? आमच्याकडे मीच लावतो आणि कंबर धरते.

देवघेव_खिडकी

चौथीची मुलं. आठवड्याला चार जण, पाळीने. पुस्तकं थेट कपाटात लावू देऊ नका. आधी टेबलावर क्रमाने रचायची, तुम्ही एक नजर टाकायची, मग कपाटात. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांना पाळीतून वगळू नका. माझ्याकडे वाचायला नकार देणारा एक मुलगा कप्पे लावण्यात इतका तरबेज झाला की बाकीची मुलं त्याला विचारूनच पुस्तक शोधायची. मग कुठल्या पुस्तकात काय आहे हे त्यांना सांगता यावं म्हणून तो ती उघडायला लागला.

शेवटचा_बाक

खोकं आजपासून सुरू केलं. नोंदी तासाआधीच उरकल्या आणि गोष्ट पूर्ण वाचून झाली. पट्ट्यांवर मुलांनी चित्रं काढलीत, त्यात डायनासोर सगळ्यांत जास्त. आता एक नवी भानगड: एकाच पुस्तकावर दोघी अडून बसल्यात आणि दोघींच्या पट्ट्या एकाच फटीत आहेत. काय करू?

ग्रंथकीटक

दोघींना मिळून आत्ता इथे बसून वाचू द्या. घरी आज एक नेईल, पुढच्या आठवड्याला दुसरी. दुसरीचं नाव लिहिलेली चिठ्ठी पुस्तकात तिच्यादेखत घाला, नाहीतर तिचा विश्वास बसणार नाही.